पार्श्वभूमी : साइडबारमधली विजेट्स आणि २०२१ चा निर्णय

इंदूरच्या मराठी मंडळींच्या ब्लॉगांची देखभाल जे करतात, त्यांच्याकडे सध्या तीन तक्रारी फिरून फिरून येतात. थीम (ब्लॉगचं तयार रूप) बदलली आणि साइडबार, म्हणजे लेखाशेजारची पट्टी, रिकामा झाला, ही पहिली. साइडबार आहे, पण त्यात काही बदलायला गेलं की ओळखीचा पडदाच दिसत नाही, सगळे ब्लॉक (मजकुराचे, चित्रांचे सुटे तुकडे), ही दुसरी. आणि मोबाइलवर साइडबार सापडतच नाही, ही तिसरी. ऐकायला तिन्ही एकाच जातीच्या वाटतात. पण पहिलीचं मूळ २००७ च्या आसपासचं आहे, तिसरीचं २०१० नंतरचं, आणि दुसरीचं जुलै २०२१ मधल्या एका निर्णयात आहे: वर्डप्रेस या ब्लॉग-प्रणालीने साइडबारमधल्या घटकांचा, म्हणजे विजेट्सचा, पडदा ब्लॉकचा केला. त्या निर्णयावरची कुरकुर अजून थांबलेली नाही.

विजेट येण्याआधीचा काळ लांबवण्यात अर्थ नाही. ब्लॉग चालवायच्या दोन प्रणाली: ब्लॉगर १९९९ चं, वर्डप्रेस २००३ चं. दोन्हींत साइडबार म्हणजे टेम्प्लेटमधला, पानाच्या साच्यातला, एक तुकडा. मित्राच्या ब्लॉगचा दुवा द्यायचा तर कोड उघडायचा, यादीत ओळ घालायची, आणि एखादा टॅग बंद करायचा राहिला की अख्खं पान वाकडं. २००५ साली वर्डप्रेसच्या १.५ आवृत्तीत थीम आल्या आणि साइडबारला स्वतंत्र फाइल मिळाली, पण ती सोय थीम बनवणाऱ्याची होती. ब्लॉग लिहिणाऱ्याच्या हाती साइडबार आला तो २००६ मध्ये. मार्चमध्ये वर्डप्रेससाठी साइडबार विजेट्सचं प्लगइन (वरून जोडायची सोय) निघालं, आणि ऑगस्टमध्ये ब्लॉगरची नवी आवृत्ती चाचणीसाठी खुली झाली, तिच्यात पानाचे घटक माउसने ओढून वर-खाली करता येत होते. मे २००७ मध्ये वर्डप्रेस २.२ आलं तेव्हा विजेट्स मूळ प्रणालीतच सामावली गेली.

दोघांनी एकच सोय दिली, पण ती ठेवली वेगवेगळ्या ठिकाणी. पहिल्या तक्रारीची मेख इथेच आहे. ब्लॉगरने विजेट टेम्प्लेटच्या आतच ठेवलं. त्यामुळे बाहेरून उतरवलेलं नवं टेम्प्लेट चढवायला गेलं की 'ही विजेट्स काढून टाकली जातील, खात्री आहे ना?' असा इशारा यायचा आणि खाली एचटीएमएल१, एचटीएमएल२ अशा नावांची यादी. त्यातलं कुठलं पंचांगाचं आणि कुठलं पाहुण्यांच्या गणतीचं, हे नावावरून कळायची सोय नव्हती. माणूस 'हो' दाबून मोकळा व्हायचा. वर्डप्रेसमध्ये साइडबार ही जागा थीम जाहीर करते आणि त्यातला माल डेटाबेसमध्ये वेगळा राहतो. इंदूरच्या सराफ्यात रात्री सोनाराच्या बंद पेढीसमोर भुट्ट्याच्या किसाचा ठेला लागतो, तसलाच हा व्यवहार: ओटा एकाचा, तवा दुसऱ्याचा. थीम बदलली, नव्या थीमने जागेला वेगळं नाव दिलं, की माल अधांतरी. २००९ च्या २.८ आवृत्तीपासून असा माल 'निष्क्रिय विजेट्स' नावाच्या खणात जाऊ लागला. तो खण त्याच पडद्यावर खाली असतो, आणि तिथवर पोचण्याआधीच बहुतेकांनी सगळं पुन्हा टंकलेलं असतं.

२००७ ते २०१२ हा साइडबारचा खरा बहर. मराठीपुरतं तरी हे ठामपणे म्हणता येतं. युनिकोड घराघरातल्या संगणकांवर रुळू लागलं होतं, जुन्या फाँटांचं जंजाळ निदान वाचणाऱ्याच्या गळ्यातून सुटलं होतं, आणि लिहिणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता लागायला साइडबारसारखं दुसरं साधन नव्हतं. महाराष्ट्राबाहेर बसून लिहिणाऱ्यांना तर याची गरज जास्त. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात बसून मराठीत लिहिणाऱ्याला वाचक मिळायचा तो पुण्याचा, ठाण्याचा नाहीतर थेट अमेरिकेतला, आणि तो यायचा कुणाच्या तरी 'मी वाचतो ते ब्लॉग' या यादीतून. मराठी ब्लॉगांची सूची ठेवणाऱ्या संकेतस्थळांचा बिल्ला साइडबारमध्ये लावायचा, त्याबदल्यात सूचीत नाव यायचं. या देवाणघेवाणीवर कितीतरी ब्लॉग उभे राहिले.

त्या काळात मराठीतली बहुतेक मंडळी ब्लॉगरवर होती, याला फुकट असण्यापलीकडचंही एक कारण आहे. ब्लॉगरच्या एचटीएमएल/जावास्क्रिप्ट गॅझेटमध्ये (विजेटला ब्लॉगर गॅझेट म्हणतं) बाहेरून आणलेला कुठलाही कोड चिकटवता यायचा. वर्डप्रेस डॉट कॉमवरच्या फुकट ब्लॉगला सुरक्षेच्या कारणास्तव जावास्क्रिप्ट चालत नसे. म्हणजे घड्याळ, पंचांग, कोण कुठल्या देशातून आलं ते दाखवणारा नकाशा, पाण्यात पोहणारे मासे, यांतलं बरंचसं तिकडे बाद. आज त्या माशांना हसणारे पुष्कळ आहेत. पण ब्लॉग 'आपला' वाटायला त्यांची मदत झाली होती, हे त्या वेळी लिहिणाऱ्या कुणालाही विचारा.

सजावट करताना देवनागरीची एक अडचण मात्र खास होती. ब्लॉगरचं मिनिमा हे टेम्प्लेट तेव्हा सर्रास वापरलं जाई. त्यात मजकुराचा रकाना ४१० पिक्सेल आणि साइडबार २२० पिक्सेल. साइडबारमधल्या शीर्षकांना अक्षरांमध्ये ०.२ एमचं, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पाचव्या भागाएवढं, अंतर ठेवलेलं होतं, आणि रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभायचंही. 'जुने लेख' किंवा 'माझ्याबद्दल' लिहिलं की मात्र त्या अंतराने शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटायची आणि शब्द सुट्या मण्यांसारखा विखुरलेला दिसायचा. शिवाय शीर्षकाचा आकार ७८ टक्के, त्यामुळे मंगल फाँटमधल्या मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून जायचे. उपाय एका ओळीचा होता: टेम्प्लेटच्या कोडमध्ये शिरून अक्षरांमधलं अंतर 'नॉर्मल' करायचं. ही एक ओळ मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांनी एकमेकांना टिप्पण्यांतून, इमेलमधून, फोनवरून सांगितली. कितीतरी जणांनी कोडला पहिल्यांदा हात लावला तो केवळ शिरोरेषा जोडण्यासाठी. महिन्यांची नावं मराठीत यावीत म्हणून ब्लॉगची भाषा बदलायची असते, हे ज्ञान त्यापुढचं.

जाहिरातींचा भाग थोडक्यात. अॅडसेन्सची, म्हणजे गूगलच्या जाहिरातींची, उभी पट्टी साइडबारमध्येच शोभायची, पण हिंदीला तिची अधिकृत मुभा मिळाली २०१४ च्या अखेरीस आणि मराठीला २०१८ मध्ये. इंदुरात हा फरक बोचायचा, कारण शेजारी बसून हिंदीत लिहिणाऱ्याच्या साइडबारला चार पैसे सुटू लागले होते. मराठीला मुभा मिळेतो साइडबारकडे बघणारेच कमी झाले होते.

ते कमी होण्याची दोन कारणं. एक, साइडबारमधला माल उसना होता. वाचकांचे चेहरे दाखवणारं मायब्लॉगलॉग २०११ मध्ये बंद झालं. ब्लॉग एकत्र वाचायचं गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये गेलं आणि 'सदस्य व्हा' या बटणाचा अर्धा अर्थ त्याच्यासोबत गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आयगूगल, गूगलचं हवं तसं सजवता येणारं मुखपृष्ठ, गुंडाळलं गेलं. २०२० च्या अखेरीस हलती चित्रं चालवणाऱ्या फ्लॅशचा पाठिंबा संपला, घड्याळं आणि मासे त्यानंतर मेले. २०२१ च्या जुलैत नवे लेख वाचकांना पाठवणाऱ्या फीडबर्नरची इमेल सेवा थांबली, म्हणून ब्लॉगरचं 'इमेलने मिळवा' हे गॅझेटही निकालात निघालं. दर वेळी साइडबारमध्ये एक रिकामी चौकट उरायची आणि वर शीर्षक तेवढं शाबूत. खुद्द वर्डप्रेसनेही डिसेंबर २०१२ च्या ३.५ आवृत्तीत दुव्यांची व्यवस्था, म्हणजे ती 'मी वाचतो ते ब्लॉग' ची यादी, नव्या ब्लॉगांवरून लपवली. त्यावर फारशी ओरड झाली नाही. माझ्या मते व्हायला हवी होती.

दुसरं कारण मोबाइल. पडद्याच्या रुंदीप्रमाणे पान बदलायची पद्धत २०१० नंतर रूढ झाली आणि अरुंद पडद्यावर साइडबार लेखाच्या खाली ढकलला जाऊ लागला. ब्लॉगरच्या मोबाइल टेम्प्लेटमध्ये तर बहुतेक गॅझेट्स मुळातच दिसत नसत. एखादं दाखवायचं असेल तर त्याच्या टॅगमध्ये 'मोबाइल' हा गुणधर्म 'यस' करावा लागे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि वाचक फोनवर गेला. तिसरी तक्रार ही एवढीच आहे. साइडबार हरवलेला नाही, बोटाने बराच वेळ खाली सरकवलं तर तो आहे.

आता दुसरी तक्रार, जिच्यासाठी हे टिपण मुख्यतः लिहिलं आहे.

वर्डप्रेसच्या विजेट्समध्ये सर्वाधिक राबलेलं विजेट म्हणजे 'टेक्स्ट'. नाव साधं, पण मंडळाची कार्यकारिणी, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचं (मिरवणुकीतल्या देखाव्यांचं) वेळापत्रक, देणगीदाराची जाहिरात, वाचनालयाच्या वेळा, सगळं त्यातच, कारण ते जे चिकटवलं ते तसंच्या तसं दाखवायचं. जून २०१७ मध्ये ४.८ आवृत्तीने या विजेटला लेखासारखा संपादक दिला. ठळक-तिरकं करायला सोपं झालं, पण आधी चिकटवलेले कोड त्या संपादकात विस्कटू लागले. दोन महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, ४.८.१ काढून 'कस्टम एचटीएमएल' हे वेगळं विजेट द्यावं लागलं आणि जुन्या टेक्स्ट विजेट्सना जुन्याच रीतीने उघडायची मुभा ठेवावी लागली. लोक विजेटचा वापर कशासाठी करतात याचा अंदाज चुकला की काय होतं, ते तेव्हाच दिसलं होतं.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, ५.० आवृत्तीत लेखांसाठी ब्लॉक संपादक आला. विजेट्सचा पडदाही ब्लॉकचा करायचा हे ओघानेच ठरलं. २०२० च्या अखेरीस आलेल्या ५.६ मध्ये तो यायचा होता, तयारी अपुरी म्हणून मागे घेतला गेला. शेवटी २० जुलै २०२१ रोजी ५.८ आवृत्तीत तो आला, आणि आला तो सर्वांसाठी, न विचारता. ज्याला नको असेल त्याने 'क्लासिक विजेट्स' नावाचं प्लगइन बसवायचं, किंवा थीमच्या फाइलीत एक ओळ घालायची.

बदलाच्या बाजूने बोलायचं तर कारणं पोरकट नव्हती. लेख एका पद्धतीने आणि साइडबार दुसऱ्या पद्धतीने, असं किती दिवस चालवणार? ब्लॉकमुळे साइडबारमध्ये चित्र, रकाने, बटण, काहीही घालता येऊ लागलं, त्यासाठी वेगळं प्लगइन शोधायची गरज उरली नाही. जुनी विजेट्सही फेकली नव्हती, ती 'जुनं विजेट' अशा ब्लॉकात गुंडाळून दाखवली जात होती. नवं शिकणाऱ्याला दोनऐवजी एकच गोष्ट शिकावी लागते, हा युक्तिवादही खोटा नाही.

घोटाळा झाला तो शीर्षकात. जुन्या प्रत्येक विजेटला शीर्षकाची एक चौकट असे. त्यात लिहिलं की थीम आपला रंग, आपला आकार, खालची रेघ आपोआप लावी. ब्लॉकला अशी चौकटच नव्हती. शीर्षक हवं तर शीर्षकाचा वेगळा ब्लॉक घ्या, तो आणि मजकूर यांचा एक गट करा, मग तो गट साइडबारमध्ये ठेवा. इतकं करूनही जुन्या थीमला ते आपलं शीर्षक आहे हे ओळखू येत नसे, कारण तिच्या सजावटीचे नियम विजेटच्या शीर्षकाला मिळणाऱ्या ठरावीक नावावर बेतलेले, आणि ब्लॉकला ते नाव मिळायचंच नाही. परिणामी एकाच साइडबारमध्ये वरचं 'जुने लेख' लहान आणि तपकिरी, खालचं 'आगामी कार्यक्रम' लेखाच्या मथळ्याएवढं मोठं आणि काळंकुळकुळीत. जानेवारी २०२२ च्या ५.९ मध्ये 'विजेट गट' हा ब्लॉक देऊन यावर तोड काढली गेली. तोवर लोकांनी क्लासिक विजेट्स बसवून टाकलं होतं. त्या प्लगइनने दहा लाख संकेतस्थळांचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे.

आकडा मोठा आहे म्हणून निर्णय चुकलाच, असं म्हणता येत नाही. जुनं टिकवायचं प्लगइन लोक सवयीनेही बसवतात. पण एक गोष्ट बदल करणाऱ्यांच्या हिशोबात नव्हती, हे मात्र दिसतं. साइडबार रोज बदलणारी जागा नाही. मंडळाचे सचिव वर्षातून दोन-तीनदा तिथे जातात: गणपतीआधी, दिवाळी अंकाआधी, कार्यकारिणी बदलली की. लेख रोज लिहिणाऱ्याला नवा संपादक महिन्याभरात हाताला बसतो. चार महिन्यांनी एकदा येणाऱ्याला तो दर वेळी नवाच. 'फक्त अध्यक्षांचं नाव बदलायचंय हो' एवढ्यासाठी त्यांना जेल रोडवरच्या संगणकवाल्याला फोन करावा लागतो. एकसारखेपणाचा फायदा झाला तो संकेतस्थळं रोज बांधणाऱ्यांना.

५.९ नंतर चित्र पुन्हा पालटलं, कारण ब्लॉक थीम, म्हणजे अख्खं पान ब्लॉकनेच बांधणाऱ्या थीम, आल्या. ट्वेंटी ट्वेंटी-टू ही वर्डप्रेससोबतच येणारी पहिली ब्लॉक थीम, आणि अशा थीममध्ये विजेट्सचा पडदाच नसतो. साइडबार हवा तर टेम्प्लेटमध्ये रकाना म्हणून स्वतः बांधायचा. जुन्या थीममधून तिकडे जाणाऱ्यांची विजेट्स सुरुवातीला मागेच राहत. मार्च २०२३ च्या ६.२ मध्ये जुना साइडबार टेम्प्लेटच्या भागात आयात करायची सोय झाली. ती आपोआप होत नाही. टेम्प्लेटचा भाग निवडून, त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आयात सांगावी लागते. ब्लॉगरवर मात्र लेआउटच्या पानात गॅझेट ओढायची पद्धत थोड्याफार फरकाने २००६ चीच आहे, आणि इंदुरातल्या काही जुन्या लेखकांनी ब्लॉगर सोडलं नाही त्यामागे हेही एक कारण आहे.

क्लासिक विजेट्स प्लगइनच्या माहितीत लिहिलेलं आहे की त्याला २०२४ पर्यंत, किंवा गरज असेल तोवर, पाठिंबा राहील. २०२४ उलटलं. सध्या त्या वाक्याचा उत्तरार्ध लागू आहे.