सोजर्नर ट्रुथ यांचं ते भाषण तसं नव्हतंच

अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी आणि स्त्री-हक्क चळवळींवरचे इतिहासाचे पॉडकास्ट ऐकताना स्वतः गुलामगिरीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या सोजर्नर ट्रुथ यांचं १८५१चं भाषण हमखास कानावर येतं. ‘मी बाई नाही का?’ हा सवाल पुन:पुन्हा, आणि बोली दक्षिणेतल्या मळ्यांवरची. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनच्या स्त्री-हक्क परिषदेत त्या बोलल्या, एवढं खरं.

२१ जून १८५१ला, म्हणजे महिन्याच्या आतच, मरियस रॉबिन्सन यांनी ‘अँटी-स्लेव्हरी ब्यूगल’ या वृत्तपत्रात त्या भाषणाचा वृत्तान्त छापला. त्यात हा सवाल एकदाही नाही. तो आला १८६३ साली, तब्बल १२ वर्षांनी, परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांच्या लेखात. ती दक्षिणी बोलीही त्यांनीच ट्रुथ यांच्या तोंडी घातली. ट्रुथ तर उत्तरेतल्या न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या, आणि त्यांची पहिली भाषा डच!

रॉबिन्सन यांच्या वृत्तान्तातल्या ट्रुथ मला जास्त ठसठशीत वाटतात. मी नांगरलंय, कापणी केलीय, कणसं सोललीत. पुरुष याहून जास्त काय करतो, असं त्या रोखठोक विचारतात. बाईच्या बुद्धीचं माप लहान असेल, तर ते तरी तिला काठोकाठ का भरू देत नाही, हेही.

गेज यांच्या लेखात ट्रुथ यांना १३ मुलं आहेत. प्रत्यक्षात ५ होती. त्यांतल्या पीटरला बेकायदा अलाबामात विकलं गेलं, तेव्हा त्या कोर्टात गेल्या आणि १८२८मध्ये त्याला सोडवून आणलं.