चार वापिटी ते बारा कॅनबेरा

गोवामुक्तीच्या लढाईत, १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी दाबोळीच्या पठारावर बॉम्ब पडले, हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ते टाकणारं भारतीय हवाई दल तेव्हा जेमतेम २९ वर्षांचं होतं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

कागदावर त्याचा जन्म ८ ऑक्टोबर १९३२ चा. प्रत्यक्षात पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली १ एप्रिल १९३३ रोजी, कराचीच्या ड्रिग रोड तळावर. चार वापिटी विमानं, इंग्लंडात क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयातून शिकून आलेले पाच हिंदी वैमानिक आणि १९ हवाई शिपाई. बस, एवढंच! वापिटी म्हणजे एकावर एक असे दोन पंख असलेलं, उघड्या बैठकीचं विमान. ब्रिटिशांनी या तुकडीला कामाला लावलं ते वझिरीस्तानात, टोळीवाल्यांवर. स्वातंत्र्याचा त्यात संबंध नव्हता, हे उगाच झाकू नये. त्या पाचांतले सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये पहिले भारतीय हवाई दलप्रमुख झाले. १९४५ मध्ये नावामागे लागलेलं ‘रॉयल’ १९५० मध्ये गळालं. फाळणीत कराचीचा तळ पाकिस्तानकडे गेला.

आता दाबोळी. भारताने नाकेबंदी केल्यावर पोर्तुगिजांनी १९५० च्या दशकात हा विमानतळ बांधला. लढाऊ विमानं त्यांच्यापाशी गोव्यात नव्हतीच. त्यामुळे आकाशात झुंज होण्याचा प्रश्न नव्हता. बाहेरून कुमक उतरू नये म्हणून धावपट्टी निकामी करायची होती. विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. इमारतींना धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. नंतर आणखी आठ कॅनबेरा येऊन गेली. बांबोळीच्या बिनतारी केंद्राचा समाचार हंटर विमानांनी घेतला. हवाई मोहिमेची सूत्रं होती एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे. आडनाव ऐकूनच गोंयकाराचे कान टवकारावेत. दलप्रमुख अ‍ॅस्पी इंजिनिअर तर वापिटीच्या काळातच दलात आलेले.

एवढं करूनही धावपट्टी पुरती बंद पडली नाही. तळावर उभी असलेली दोन प्रवासी विमानं त्या रात्री घाईघाईत केलेल्या डागडुजीच्या आधाराने, अंधारात, उरलेल्या तुकड्यावरून उडाली. गेली कुठे, तर कराचीला.