जुने रिपोर्ट एकदा परत उघडून बघा

आमच्या गोव्यात मे महिन्यात पुरुमेंत भरतात, सुकी मासळी, सोलां, मिरच्या सगळं पावसाआधी घरात, आणि पाऊस लागला की तेच काढून खायचं. ॲप बनवणाऱ्या टीम मात्र युजर रिसर्च करतात, म्हणजे ॲप वापरणाऱ्या माणसांना भेटून ती कुठे अडतात ते बघतात, रिपोर्ट ड्राइव्हवर टाकतात आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न घेऊन परत नवीन माणसं शोधत फिरतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या रिपोर्टसाठी कुणीतरी स्वतःचा तासभर दिलेला असतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक मावशी फोनवरून बिल भरत होत्या, मी बाजूलाच उभी होते. ओटीपी आला, त्या मेसेज बघायला गेल्या, सहा आकडे पुटपुटत परत ॲपमध्ये आल्या तर सगळं पहिल्यापासून! तीनदा असंच झालं. फोनची रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप बंद करून टाकतं, आणि आपण कुठे होतो ते ॲपने सेव्ह केलेलं नसेल तर भरलेलं सगळं गेलं.

आता असा प्रकार कंपनीपर्यंत कसा पोचतो बघा. कस्टमर केअरच्या नोंदीत 'ओटीपी चालत नाही', रिव्ह्यूमध्ये 'ॲप आपोआप बंद होतं', टेस्टिंगच्या नोट्समध्ये 'वयस्कर युजर गोंधळले'. तीन फाइल, तीन नावं, दुखणं एकच असू शकतं. म्हणून हेडिंग बघून जुळवायचं नाही, माणूस काय करत होता आणि नेमका कुठे अडकला हे एकेका चिठ्ठीवर लिहायचं, मग एकमेकींशी जुळणाऱ्या चिठ्ठ्या जवळ आणायच्या. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी फील्डवर्कच्या ढीगभर नोंदी लावायला अशीच पद्धत बसवली, तिला केजे मेथड म्हणतात.

एकत्र करण्यामागे गणित पण आहे. १९९३ मध्ये नील्सन आणि लँडावर या संशोधकांनी दाखवलं की टेस्टमध्ये, म्हणजे युजरला प्रत्यक्ष वापरायला देऊन बघताना, एक युजर सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणजे ५ जणांत साधारण ८५ टक्के सापडतात, तेव्हापासून 'पाच जण बास' हे सगळ्यांच्या तोंडी बसलं. पण ती सरासरी आहे हो! जी अडचण दहातल्या एकालाच येते ती ५ जणांच्या टेस्टमध्ये दिसायची शक्यता फक्त ४१ टक्के. अशा पाच जुन्या टेस्ट एकत्र ठेवल्या, म्हणजे २५ माणसं, तर तीच शक्यता ९३ टक्क्यांवर जाते, तेही नवीन खर्च न करता. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १९०४ मध्ये टायफॉइडच्या लसीबद्दल सैनिकांच्या वेगवेगळ्या तुकड्यांचे आकडे असेच एकत्र तपासले होते, कारण एकेका तुकडीचे आकडे फार थोडे होते.

मात्र डोळे मिटून बेरीज नको. ज्याने फोन करून तक्रार केली त्यानेच रिव्ह्यू लिहिला असेल तर तो एकच माणूस, दोन नाही. तारीख पण बघा, २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याआधी लोक पैसे कसे देतात यावर केलेला रिसर्च आज तसाच्या तसा वापरता येणार नाही. आणि कळंगुटला आलेला टुरिस्ट आणि सत्तरी तालुक्यातला बागायतदार यांच्या चिठ्ठ्या आधी वेगळ्या ठेवा, दोघं एकाच जागी अडकतात असं दिसलं तरच एका ढिगात घाला.