बायबलचे पुरातत्त्व : मुंबईच्या संदर्भात

पश्चिम आशिया, ईजिप्त आणि भूमध्य समुद्राच्या काठावरील उत्खनने, शिलालेख व जुनी हस्तलिखिते यांच्या आधारे बायबलमधील माणसे, गावे आणि घटना तपासून पाहणाऱ्या अभ्यासाला बायबलचे पुरातत्त्व म्हणतात. या अभ्यासाने श्रद्धा ‘सिद्ध’ होते असे म्हटले की घोटाळा होतो. येशू मेलेल्यांतून उठला की नाही, हे सांगणे कुदळीच्या हातात नाही. मात्र ज्या राजांची आणि सुभेदारांची नावे उपासनेत ऐकली, ती परक्या दरबाराच्या दगडावर कोरलेली सापडली की ‘ही नुसती रचलेली कहाणी तर नसेल?’ ही शंका सैल पडते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधील प्रवचनांत आणि अभ्यासवर्गांत या विषयाचे मोल आहे ते एवढ्यापुरते, आणि ते थोडे नाही.

मुंबईचा या अभ्यासाशी आलेला संबंध फारसा कुणाच्या लक्षात नसतो. १८४६ मध्ये ऑस्टेन हेन्री लेयार्ड यांना आजच्या इराकमधील निमरूद येथे सुमारे दोन मीटर उंचीचा एक काळा चौकोनी स्तंभ मिळाला. असिरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या पराक्रमांचा हा स्तंभ. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. त्यामुळे निमरूदचा माल तराफ्यावरून टायग्रिस नदीने खाली, बसऱ्याहून जहाजाने मुंबईला आणि मग आफ्रिकेला वळसा घालून लंडनला, असा जाई. स्तंभही याच वाटेने गेला. मुंबईच्या मुक्कामात पेट्या उघडल्या गेल्या आणि लोकांनी आतल्या वस्तू पाहिल्या. स्तंभाच्या एका पट्टीवर एक माणूस शल्मनेसरपुढे जमिनीला कपाळ टेकून वाकलेला आहे. तो कोण, हे पाहणाऱ्यांपैकी कुणालाच सांगता आले नसते, कारण कीलाक्षर लिपी, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांची प्राचीन लिपी, अजून पुरती उलगडली नव्हती. १८५१ मध्ये एडवर्ड हिंक्स यांनी वर कोरलेले नाव ओळखले : येहू, इस्राएलचा राजा, बायबलमधील ‘दुसरे राजे’ या पुस्तकातला.

या खंडणीचा काळ इ.स.पू. ८४१ चा धरला जातो. वाकलेला माणूस येहू स्वतः की त्याचा दूत, यावर अभ्यासकांत एकमत नाही. स्तंभावरील लेखात येहूला ‘अम्रीचा पुत्र’ म्हटले आहे. अम्री हा इस्राएलचा आधीचा राजा. बायबलप्रमाणे तर त्याने अम्रीच्या वंशाचा समूळ संहार केला. इस्राएलच्या राज्याला परदेशी लोक अम्रीच्याच नावाने ओळखत, म्हणून हा शब्दप्रयोग. गंमत अशी की असिरियाला दिलेल्या या खंडणीचा बायबलमध्ये उल्लेखच नाही. एका बाजूने मुख्य व्यक्ती पक्की होते आणि दुसऱ्या बाजूने ग्रंथाने न सांगितलेले कळते. उत्खननातून हाती येते ते बहुधा असेच असते.

कीलाक्षरे वाचण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे कॅडेट म्हणून मुंबईत आले आणि मुंबईच्या लष्करात रुजू झाले. पुढे इराणातील बेहिस्तूनच्या कड्यावर चढून त्यांनी इराणी सम्राट दारयवहूचा (डरायसचा) त्रिभाषी लेख उतरवून घेतला. असिरियन राजवाड्यांतील काही शिल्पपट आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. लंडनचे तिकीट काढण्याआधी काळा घोड्याला एक चक्कर मारावी, हे उत्तम. याच संग्रहालयात २०१३-१४ च्या हिवाळ्यात ब्रिटिश म्युझियमची कोरेशाची (इराणी सम्राट सायरसची) मृत्तिकानळी, म्हणजे मातीची कोरीव लेखाची नळी, प्रदर्शनाला आली होती. १८७९ मध्ये होर्मुझ्द रस्साम यांना ती बाबेलमध्ये (बॅबिलॉनमध्ये) सापडली. बंदिवान यहूद्यांना कोरेशाने मायदेशी जाऊ दिले, असे बायबलमधील एज्राच्या पुस्तकात आहे. नळीवर यहूद्यांचे किंवा यरुशलेमचे नाव नाही. हलवलेल्या देवमूर्ती आणि लोक आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचे मात्र तीत लिहिले आहे, म्हणजे एज्राचे कथन त्या राजाच्या धोरणाशी जुळते. प्रवचनात नळीचे नाव घेणाऱ्यांनी हा फरक सांगितलाच पाहिजे.

सर्वांत वजनदार साक्ष शत्रूची. इ.स.पू. ७०१ मध्ये असिरियाचा राजा सन्हेरीब याने यरुशलेम राजधानी असलेल्या यहूदा राज्यावर स्वारी केली. त्याच्या मातीच्या बहुकोनी स्तंभांवर ४६ तटबंदीची नगरे जिंकल्याची आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे यरुशलेमात कोंडल्याची फुशारकी आहे. यरुशलेम घेतल्याचे मात्र कुठेही लिहिलेले नाही. हिज्कीयाने यरुशलेमच्या पाण्यासाठी खोदवला असे मानला जाणारा ५३३ मीटर लांबीचा शिलोहचा बोगदा आजही चालत पार करता येतो. १९९३ मध्ये उत्तर इस्राएलमधील तेल दान येथे मिळालेल्या अरामी शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असे शब्द आहेत. तोही शत्रूनेच कोरवलेला.

हस्तलिखितांचा प्रश्न वेगळा. नकलांवर नकला होताना मूळ मजकूर बदलला नसेल कशावरून? मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच काळजीने. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या. तोवर हिब्रू जुन्या कराराची सर्वांत जुनी संपूर्ण प्रत इ.स. १००८ ची होती. गुहेतली यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची सात मीटरहून लांब गुंडाळी तिच्यापेक्षा हजारएक वर्षांनी जुनी निघाली. लेखनभेद पुष्कळ आहेत, तरी ग्रंथ ओळखीचाच आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात ख्रिस्ती लोकांना येशूचे दुःखसहन दिसते, यहुदी परंपरा त्याचा अर्थ वेगळा लावते. पण हा अध्याय येशूनंतर कुणी घुसडला, असे आता म्हणता येत नाही.

नव्या कराराबाबत थोडक्यात : १९६१ मध्ये कैसरिया येथे रोमन सुभेदार पिलाताच्या नावाचा दगड मिळाला. ग्रीसमधील डेल्फीच्या लेखामुळे सुभेदार गल्लियोचा काळ, आणि त्यावरून प्रेषित पौलाचा करिंथमधील मुक्काम, इ.स. ५१-५२ च्या आसपास निश्चित झाला. ख्रिस्ताला पिलाताने देहदंड दिल्याचे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, आणि ख्रिस्ती लोकांविषयी त्याला काडीचेही प्रेम नव्हते.

उलट बाजूही आहे. यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएलांनी यरीहो नगर पाडले, असे बायबल सांगते. यरीहोला १९५० च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी खोदले, तेव्हा नगराचा नाश त्यांच्या मते इ.स.पू. १५५० च्या सुमारास झालेला निघाला. यहोशवाचा काळ सामान्यतः त्यानंतरचा मानतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने आपल्याकडील मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून घेतलेले सर्व १६ तुकडे बनावट असल्याचे जाहीर केले. मोबाईलवर फिरणाऱ्या ‘नोहाचे तारू सापडले’ छापाच्या संदेशांची तर गणतीच नको. ते पुढे ढकलणाऱ्यांनी श्रद्धेचे नुकसानच केले आहे.

मुंबई परिसरातील प्राचीन ख्रिस्ती वस्तीबाबत आधार आहे तो मुख्यतः प्रवाशांच्या लेखनाचा. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मास ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो. हे गाव म्हणजे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळात तिथे आलेल्या ओडोरिक या युरोपीय साधूने ठाण्यात नेस्तोरियन (पूर्वेकडील एका पंथाच्या) ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याची नोंद केली. कोकणकिनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनीच आणला, या समजुतीला ही नोंद छेद देते. पोर्तुगीजांना वसई मिळाली ती १५३४ मध्ये.