संघर्षात झालेला बलात्कार: गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार नागपुरात देता येते

‘घटना आमच्या हद्दीत घडलेली नाही.’ ठाण्यात हे ऐकलं तरी परत फिरू नका.

युद्धातला बलात्कार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे, हे १९९८ च्या रोम करारात लिहिलेलं आहे. भारत मात्र त्या करारात सामील नाही. त्यामुळे दंगलीतून, संघर्षातून निघून नागपुरात नातेवाइकांकडे आलेल्या बाईसाठी या करारातून उभ्या राहिलेल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापेक्षा सीताबर्डीचं ठाणं जवळचं, अंतरानेही आणि कायद्यानेही.

तिथे झीरो एफआयआर नोंदवायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला तो नोंदवावाच लागतो. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची. कागदपत्रं? तक्रारीसाठी एकही नाही. आधार कार्ड जळलं असेल, घरच जळलं असेल, तरी चालतं. उशीर झाला म्हणूनही तक्रार नाकारता येत नाही; या गुन्ह्याला मुदत नाही. अधिकारी ऐकतच नसेल तर लेखी तक्रार पोलीस आयुक्तांकडे टपालाने पाठवावी, पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. नोंद न करणाऱ्या अधिकाऱ्यालाच भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे, हे त्याला शांतपणे सांगून पाहावं.

तरीही पाठपुरावा सोडू नये. मणिपुरात महिलांवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या ४ मे २०२३ च्या घटनेचा झीरो एफआयआर १८ मे रोजी नोंदला गेला, आणि हद्दीच्या ठाण्याकडे तो जूनमध्ये पोहोचला. नोंदीलाच १४ दिवस कशाला लागले, असं सर्वोच्च न्यायालयाला विचारावं लागलं. पुढे तपासावर देखरेखीसाठी न्यायालयाने नेमले ते आपल्याच राज्याचे माजी पोलीस महासंचालक, दत्तात्रय पडसलगीकर.

कलम कोणतं लागलं, तेही वाचून घ्या. जातीय किंवा सांप्रदायिक हिंसाचारात, अथवा तैनात सशस्त्र दलातल्या माणसाने केलेला बलात्कार न्याय संहितेच्या ६४(२) मध्ये येतो. शिक्षा किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला मात्र जुन्या भारतीय दंड संहितेचं ३७६(२).

तपासणी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात, बाईच्या संमतीनेच. उपचार खासगी रुग्णालयातही मोफत.

मोफत वकिलासाठी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठावं. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलला हेलपाटे नकोत. भरपाईचा अर्जही त्यांनाच विचारून करावा. एफआयआर, वैद्यकीय अहवाल आणि बँक पासबुकाच्या प्रती जवळ ठेवाव्यात.