‘ताई, मी सांगू? मी सांगू?’

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचं क्लबहाउस, शनिवारचा संस्कारवर्ग. ताईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत वीस हात वर जातात. ‘ताई, मी सांगू? मी सांगू?’ आणि नाव घेतल्यावर त्यातली बरीच मुलं उभी राहून गप्प! काय सांगायचं होतं तेच विसरलेलं असतं.

मोठ्यांना हा आगाऊपणा वाटतो. खरी अडचण वेळेची आहे. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. २००९ मध्ये दहा भाषांची तुलना झाली तेव्हा जपानीपासून डॅनिशपर्यंत थोड्याफार फरकाने हेच दिसलं. पण नुसतं चित्र पाहून त्याचं नाव उच्चारायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद जातात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला लागलेलो असतो. मोठ्यांना हे सवयीने जमतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाची मात्र तारांबळ उडते: ऐकत बसलं तर मुद्दा निसटतो, मुद्दा घट्ट धरला तर ऐकणं राहतं. आणि तोंडाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो.

म्हणून ‘मध्ये बोलू नकोस’ हे शंभरदा सांगण्यापेक्षा आधी मुलं बसतात तो गोल लहान करावा. साधा हिशेब आहे. वीस मुलं, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे शेवटच्याची पाळी साडेनऊ मिनिटांनी. तोवर तो शेजाऱ्याच्या चपलेशी खेळणारच. सहा मुलांच्या गोलात हीच वाट अडीच मिनिटांची होते. हातात एक वस्तू फिरवावी. ती ज्याच्याकडे, तो बोलणार. गुळगुळीत दगड किंवा करवंटी उत्तम. खुळखुळा किंवा चेंडू नको, त्याचाच खेळ होतो. ‘मला आत्ता नाही बोलायचं’ म्हणून वस्तू पुढे द्यायची मुभा हवी, नाहीतर लाजऱ्या मुलाला ती शिक्षा वाटते. मुद्दा विसरण्याची भीती असलेल्यांना कागदाचा चिटोरा द्यावा. लिहिता येत नसेल तर एखादी खूणही चालते.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी एक पायरी वर: आधी मागच्याचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं, ‘बरोबर ना?’ विचारायचं, मग स्वतःचं. सुरुवातीला हे पोपटपंचीसारखं वाटतं. चालेल.

गडबड बऱ्याचदा ताईंकडूनही होते. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतलं बोलणं मोजलं, तर शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबत होते. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक आली, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजावं. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक उत्तर मोठ्याने पुन्हा सांगणं. ताई सांगणारच आहेत म्हटल्यावर मुलं एकमेकांचं कशाला ऐकतील?

खोलीकडेही बघा. रिकाम्या वर्गात ३५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा, असं अमेरिकेतलं मानक आहे. बाहेर ट्रकची रांग, वर पंखा आणि खाली उघड्या टाइल्स असताना ते कसं जमायचं? गोंगाटातून शब्द वेगळे काढणं मुलांना मोठ्यांपेक्षा अवघड जातं. रस्त्याकडच्या खिडक्या लावून सतरंजी अंथरावी आणि गोल आवळावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. घुमणाऱ्या खोलीत फायदा कमी, पण होतो.

राहिला ‘अहो-जाहो’चा प्रश्न. एकाच गोलात आईला ‘तू’ म्हणणारी, मोठ्यांनाही एकेरीत बोलणाऱ्या आगरी-कोळी घरातली आणि हिंदीतल्या ‘आप’ची सवय असलेली मुलं बसतात. एखादा ‘ताई, तू ऐक ना’ म्हणाला आणि त्याला तिथेच टोकलं, तर मध्येच तोडायचा धडा ताईंनीच दिला. त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं, वस्तू पुढे जाऊ द्यावी. ‘तुम्ही’चा सराव नंतर दुकानदार-गिऱ्हाईक खेळताना घेता येतो.