रंग जळत नाही, फुगतो: काकाच्या पद्मिनीचा पत्रा उघडा करताना

काकाची 81 सालची प्रीमियर पद्मिनी अलिबागला आंब्याखाली बारा वर्षं नुसती उभी होती. या मे महिन्यात एकदाचं ठरलं की हिला रंगवायची, आणि रंगवायची म्हणजे वरवर वॉटर पेपर फिरवून नवा कोट मारायचा असं नाही, पार पत्र्यापर्यंत उघडी करायची. काका सगळ्यांना छातीठोकपणे सांगतो की गाडी एका डॉक्टरकडून घेतलीय, सिंगल ओनर, एकदम जपलेली. ते ठीक आहे, पण पुढच्या मडगार्डला फ्रीजवरचं मॅग्नेट लावलं तर ते सरळ खाली पडलं. म्हणजे आत चांगली जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली, कारण रंगाचे थर कितीही असले तरी मॅग्नेट त्यातून लोखंडाला धरतंच. आजच्या नव्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत सगळं मिळून 100 ते 150 मायक्रॉन असतं, साधारण दोन केसांच्या जाडीएवढं. आमच्या मडगार्डवर नंतर स्केल लावून बघितलं तर एका ठिकाणी 9 मिलिमीटर लांबी निघाली!

डेंटर चाचा म्हणाले, ग्राइंडर नको, रंग उतरवायचा रिमूव्हर लावू. बरोबरच होतं ते, पत्रा मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा, त्यावर ग्राइंडर एका जागी जरा जास्त रेंगाळला की पत्रा तापून फुगतो आणि गार झाल्यावर पहिल्यासारखा सरळ होत नाही. वाळूचा मारा करणारेही आहेत, पण वाळूचा प्रत्येक कण म्हणजे बारीकसा हातोडा, एकाच बाजूने असे लाखो हातोडे बसले की त्या बाजूची कातडी ताणली जाते आणि सपाट बॉनेटला पोक येतो. लोक म्हणतात वाळूच्या उष्णतेने वाकतो, पण बहुतेक वेळा कारण हे ठोकणं असतं. शिवाय वाळूची धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस, ते वेगळंच. मऊ काहीतरी हवं असेल तर खायचा सोडाही चालतो बरं का, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची 80 च्या दशकात डागडुजी झाली तेव्हा आतल्या तांब्यावरचं डांबर सोड्याच्या माऱ्यानेच काढलं होतं. अलिबागला तशी सोय नाही, त्यामुळे रिमूव्हर.

आता चाचांचं म्हणणं की रिमूव्हरने रंग जळतो, आणि हे सगळ्या गॅरेजांत असंच म्हणतात. पण डोळे जमिनीजवळ नेऊन मडगार्डकडे बघत बसलो तेव्हा काय दिसलं सांगतो. ब्रशने जाडसर थर दिला, दोन-तीन मिनिटं काहीच नाही, मग एका कोपऱ्यात दुधावरच्या सायीसारखी एक बारीक सुरकुती उठली, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता सगळा राखाडी रंग तेलात टाकलेल्या पापडासारखा उठून उभा राहिला. त्यात जळलेलं काहीच नव्हतं, स्क्रॅपर घातला तर रंगाची अख्खी कातडी हातात आली.

जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये मुख्य माल असतो मिथिलीन क्लोराइड. जेमतेम पाच अणूंचा रेणू, एक कार्बन, दोन हायड्रोजन, दोन क्लोरीन. वरचा राखाडी रंग होता पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनर घालून मारलेला, त्यातल्या लांबलचक साखळ्या एकमेकींना जागोजागी गाठी मारून बांधलेल्या असतात आणि त्या गाठी या रेणूने सुटत नाहीत. पण रेणू एवढा लहान आहे की जाळीच्या भोकांतून आत घुसतो आणि जाळी फुगते. फुगली की तिला आडवं पसरायचं असतं, पण खालून पत्र्याला चिकटलेली, पसरणार कुठे? मग उरते फक्त वरची दिशा. चिकटून राहायची ताकद या ताणाला पुरत नाही आणि रंग सुटतो. बस, एवढंच.

गंमत पुढे आहे. राखाडीच्या खाली काळा थर निघाला आणि तो मात्र सुरकुतला नाही, सरळ चिखल झाला. चाचांनी चिंधीवर थिनर घेऊन घासलं, चिंधी काळी. "एनसी आहे," म्हणाले. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, ज्याला आपल्याकडे अजून ड्युको म्हणतात, मूळचं ते एका अमेरिकन कंपनीच्या रंगाचं नाव, 1924 मॉडेलच्या ओकलंड गाड्यांवर तो पहिल्यांदा आला आणि रंग वाळायला जिथे आठवडे लागायचे तिथे काम तासांवर आलं. हा रंग नुसता थिनर उडून वाळतो, साखळ्यांमध्ये गाठी पडतच नाहीत, त्यामुळे चाळीस वर्षांनीही थिनर दाखवला की परत पातळ होतो. गाडीवर आधी कोणता रंग आहे हे ओळखायची चिंधीवाली टेस्ट याच्यावरच चालते.

मिथिलीन क्लोराइड 40 अंशालाच उकळतं. मे महिन्यात ते ब्रशवरून पत्र्यावर जाईपर्यंतच उडायला लागतं, म्हणून कंपनीवाले त्यात थोडं मेण घालतात, ते तरंगून वर येतं आणि झाकणाचं काम करतं. त्यामुळे ब्रश एकदाच एका दिशेने मारायचा, परत परत घोळवला की झाकण फाटतं आणि सगळा माल हवेत. हवेत म्हणजे आपल्या नाकात. हे प्लीज सीरियसली घ्या. ही वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड असते, बंद गॅरेजात जमिनीलगत साठते, आणि श्वासातून आत गेल्यावर शरीर तिचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतं, तोच बंद बाथरूमच्या गॅस गीझरवाला. कापडी मास्कचा उपयोग शून्य, निळ्या नायट्राइल हातमोज्यांतून तर ते काही मिनिटांत आरपार जातं. यामुळेच लोक मेले आणि अमेरिकेने 2019 मध्ये असे रिमूव्हर घरगुती ग्राहकांना विकायला बंदी केली. त्याऐवजी बेंझिल अल्कोहोलवाले येतात, त्यांना तासन् तास लागतात, पण ते निदान इतके जीवघेणे नाहीत. आम्ही सगळं अंगणात उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून केलं, आणि तरीही परत करताना मी तो दुसरा डबा घेईन.

संध्याकाळी मडगार्ड पाण्याने धुतलं, चकचकीत पत्रा बघून काका खूश. सकाळी बघतो तर सगळीकडे नारिंगी पावडर आणि माझ्या तळव्याचा अख्खा ठसा, पाचही बोटांसकट. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याचा न दिसणारा थर धरतो आणि गंज सुरू होतो, मीठ असेल तर त्याच्याही आधी. अलिबागच्या वाऱ्यात मीठ, माझ्या घामात मीठ. चाचा काही बोलले नाहीत, फॉस्फोरिक ॲसिडवालं लिक्विड आणलं, त्याने गंज विरघळला आणि पत्र्यावर करडा फॉस्फेटचा थर बसला, मग पुसून वाळवून लगेच इपॉक्सी प्रायमर. तेव्हापासून नियम केला, दुपारपर्यंत जेवढा भाग प्रायमरखाली जाईल तेवढाच उघडा करायचा.

काल छत घेतलं. राखाडी साल निघाली आणि खाली काळा नाही, पिवळा. खाली काळी आणि वर पिवळी पद्मिनी म्हणजे काय हे मुंबईत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. चाचा हसून हसून खाली बसले. काका बराच वेळ छताकडे बघत होता, मग म्हणाला, "डॉक्टरनेच टॅक्सी घेतली असेल." मी एवढंच सांगितलं की त्या काळच्या पिवळ्यात लेड क्रोमेट असू शकतं, शिसं आणि क्रोमियम दोन्ही, तेव्हा यावर कोरडा पेपर मारायचा नाही, जे काय घासायचं ते पाणी ओतत ओतत, आणि खालचा चिखल गोळा करून, आंब्याच्या आळ्यात नको.